वारा दुपारी दोननंतर फिरला आणि आंबा गळला: सड्यावरच्या कलमांना आता पाणी देऊ की थांबू?

सड्यावरची (देवगड तालुका), रविवार रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण गेल्या आठवड्यात हवेने जे काही केलं ते सलग सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही.

आमची आंब्याची ५२ कलमं सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर आहेत, सगळी हापूस. त्यातली ३८ सासऱ्यांनी कातळात सुरुंग लावून खड्डे काढले आणि खालून माती वाहून आणून लावली. पश्चिमेला सड्याची कड आणि तिच्या पायथ्याशी समुद्र. पूर्वेला उघडा माळ, आडोसा म्हणून काही नाही. नवरा मुंबईला नोकरीत, त्यामुळे सहा वर्षं बाग मीच बघते. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ८१. मोतीबिंदूमुळे आता बागेत येत नाहीत, पण मी दुपारी घरी आले की पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी एकच विचारतात, "वारो किती वाजता फिरलो गो?"

त्यांच्या वह्या आहेत. त्यात तापमान कुठेच नाही. तारीख, वारा फिरल्याची वेळ आणि पुढे चार शब्द. "वारा ११." "वारा १२॥. मळभ." इतकंच. सकाळी मतलई चालू असते, जमिनीकडून समुद्राकडे. मग ती पडते, थोडा वेळ पानही हलत नाही, आणि समुद्राकडून खारा वारा आत येतो. अण्णा त्या क्षणाची वेळ लिहीत. आता ती मी लिहिते.

तर गेला आठवडा असा गेला.

रविवारी वारा ११ ला फिरला. पडवीतल्या तापमापकावर ३२. नेहमीचा मार्चचा दिवस. दोघी बायकांना घेऊन फळांना कागदी पिशव्या बांधल्या. तीन दिवसांत मिळून ११०० झाल्या.

सोमवारी सकाळी आठलाच काहीतरी वेगळं जाणवलं. मतलई नेहमी नऊ-साडेनऊला मऊ पडते, ती वाढतच गेली. गवत एका बाजूला निजलेलं, वाळलेली पानं कातळावरून खरखरत कडेकडे धावत होती. हवा इतकी कोरडी की दोरीवरचं लुगडं अर्ध्या तासात कडक झालं आणि ओठ फुटले. बारा वाजले, एक वाजला, वारा पूर्वेचाच. सव्वादोनला फिरला. तापमापक ३८.

मंगळवारी त्याहून वाईट. वारा २:४० ला फिरला, तापमापक ३९. दुपारी एकच्या सुमाराला मी दक्षिणेकडच्या फांदीवरचं गोटीएवढं फळ हातात धरलं तर चटका बसावा इतकं गरम. देठाजवळचा हिरवा रंग उडून तिथे पिवळट झाक आली होती. बोट लावलं आणि फळ देठातून सुटून हातात आलं. ओढलं नव्हतं, फक्त बोट लावलं होतं. देठाच्या जागी चिकाचा थेंबही आला नाही. संध्याकाळी त्या एका कलमाखाली ६३ फळं मोजली, वाटाण्यापासून गोटीपर्यंत. पुढचं कलम मोजायचं मन झालं नाही.

बुधवारी वारा बाराला फिरला, ३५. आकडा उतरला पण अंगाची काहिली त्या दिवशी जास्त झाली. घाम सुकेचना. रात्री अण्णांना झोप नाही, मी उशिरापर्यंत पंख्याने वारा घालत बसले, कारण वीजही गेली होती.

गुरुवारी पहाटे उठले तर अंगणातली तुळस दिसेना. दाट धुकं. देवगडचं दीपगृह आमच्या कडेवरून रोज दिसतं, ते साडेआठपर्यंत दिसलं नाही. पानापानांतून दव टपकत होतं, पावसासारखा आवाज येत होता.

शुक्रवारी दिवसभर मळभ. संध्याकाळी घाटाच्या बाजूला गडगडलं, विजा चमकल्या, आमच्याकडे थेंब नाही.

शनिवारी पहाटे चारला सर आली. दहा-बारा मिनिटं. अंगणात सरळ उभ्या भिंतीचा पत्र्याचा डबा ठेवला होता, त्यात पट्टी घालून मोजलं, ४ मिमी. सकाळी हवा इतकी छान की मुलगी शाल घेऊन पायरीवर बसली. दहाला ऊन आलं आणि कातळातून वाफ निघायला लागली.

आता प्रश्न. पहिला, इतक्या तापण्यानंतर कलमांना पाणी द्यायला हवं असं वाटतं, पण वरून सर पडून गेली आहे. देऊ की थांबू? माझ्याकडे ५००० लिटरची एक टाकी आहे आणि विहीर खाली वाडीत, तिचं पाणी पंपाने चढवावं लागतं. दुसरा, धुकं, मळभ आणि पाऊस लागोपाठ झालं, तर करप्याची, म्हणजे काळ्या ठिपक्यांच्या बुरशीची फवारणी लगेच घ्यावी का? तिसरा, पिशव्यांचं काय करू? आज सकाळी एक सोडून पाहिली. कागद भिजून फळाला चिकटून बसला होता. नखाने हळूच सोडवला तर सालीवर छापील अक्षरं उलटी उमटलेली. आणि चौथा प्रश्न ज्यांना हवामानातलं कळतं त्यांना: सोमवार-मंगळवारी नक्की झालं काय?

---

पावसचा_बागायतदार (रत्नागिरी), रविवार रात्री १०:०५

ताई, वाट बघू नका. उद्या सकाळीच कीडनाशक आणि बुरशीनाशक एकत्र करून सगळ्या बागेवर फवारणी घ्या. मळभ आलं की तुडतुडा वाढतोच. आम्ही दर वर्षी असंच करतो.

---

निरभ्र (पुणे), सोमवार सकाळी ७:१५

ताई, तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर देतो. मी हवामान निरीक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमची टिपणं वाचून फार बरं वाटलं, कारण किनाऱ्यावरच्या उन्हाळ्याची किल्ली तुमच्या अण्णांनी बरोबर पकडली आहे.

कोकणात मार्चमध्ये दुपार किती तापणार हे बहुतांशी खारा वारा किती वाजता आत येतो त्यावर ठरतं. जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा येते. ही हवा अकराला आली तर पारा तिथेच अडतो, ३२-३३ च्या पुढे जात नाही. पण वरच्या थरांत पूर्वेचा किंवा ईशान्येचा वारा जोरात असेल तर खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावर पाऊल ठेवता येत नाही. तो दोन-दोन तास बाहेरच थोपवला जातो आणि तेवढ्या वेळात जमीन तापतच राहते.

त्यात सह्याद्रीची भर पडते. पूर्वेची हवा देशावरची, आधीच कोरडी. ती घाटमाथ्यावरून किनाऱ्याकडे उतरताना दाबली जाते आणि दाबली गेली की तापते. कोरड्या हवेचा हिशेब दर १००० मीटरला जवळजवळ १० अंशांचा. घाटमाथा ६०० मीटर धरला तर सहा अंश नुसत्या उतरण्याने वाढले. तुमचं लुगडं अर्ध्या तासात कडक झालं त्याचं कारण हेच. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले होते. मुंबई समुद्राला लागून असूनही मार्चमध्ये असे आकडे गाठते ते अशाच वाऱ्याच्या दिवसांत.

किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा निकष वेगळा आहे, तोही सांगतो. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० व्हावं लागतं. किनारपट्टीवर ३७ पुरे, मात्र ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त हवं.

एक विनंती. तापमापक पडवीच्या भिंतीवर असेल तर तो भिंतीची ऊब दाखवतो, आणि तुमची भिंत चिऱ्याची असणार. वेधशाळेत तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर ठेवतात, म्हणजे ऊन लागत नाही आणि वारा खेळता राहतो. तुमचे ३९ प्रत्यक्षात दोन अंशांनी कमी असू शकतील. आंब्याला झालेला त्रास त्यामुळे कमी ठरत नाही, पण नोंद नेमकी व्हावी.

बुधवारी पूर्वेचा जोर ओसरला आणि नैर्ऋत्येकडून दमट हवा आत आली, म्हणून आकडा कमी आणि घाम जास्त. त्या रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असणार. जमीन रात्रभर निवाली, दमट हवा तिला टेकून गार झाली, आणि गुरुवारी पहाटे धुकं धरलं. शुक्रवारच्या गडगडाटाची तऱ्हा अशी असते: दक्षिणेकडून कर्नाटकावरून विदर्भापर्यंत द्रोणीय रेषा, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा तयार होतो, त्याच्या एका बाजूला बंगालच्या उपसागराकडून आलेली हवा, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्रावरची. दोन्ही जिथे भेटतात तिथे ढग उभे राहतात. घाटात आधी, मग कधी कधी किनाऱ्यावर. तुमच्या डब्यातले ४ मिमी मी मान्य करतो. २४ तासांत २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पडला तर तो दिवस पावसाळी दिवस म्हणून मोजतात, म्हणजे तुमचा शनिवार त्यात बसतो.

अण्णांच्या वह्या किती वर्षांच्या आहेत? त्या वाळवीच्या तावडीतून वाचवा. खारा वारा फिरल्याची वेळ एका जागेवरून इतकी वर्षं कुणी लिहून ठेवली असेल तर ते मोलाचं काम आहे. आणि शुक्रवारसारखी संध्याकाळ परत आली तर सड्यावर थांबू नका. उघड्या कातळावर एकटं झाड आणि खाली माणूस, ही विजेच्या दृष्टीने सर्वात वाईट जागा. फोनवर 'दामिनी' ॲप ठेवा, आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं.

---

गुहागरी, सोमवार दुपारी १:३०

ताई, माझी २१० कलमं आहेत, त्यातली निम्मी कातळावर, म्हणून तुमचं दुःख कळतं. कलमाखाली गळालेली फळं मोजणं फार जड जातं.

पाण्याचं आधी. ४ मिमी म्हणजे पाणी दिलं असं धरू नका. कलमाच्या बुंध्यापासून दोन हातांवर माती उकरून बघा, बोटाचं एक पेर ओलं असेल, त्याखाली भुकटी. कृषी विद्यापीठाची, म्हणजे दापोलीची शिफारस फळं वाटाण्याएवढी झाल्यापासून पंधरा-पंधरा दिवसांनी तीन-चार वेळा, झाडाला १५० ते २०० लिटर अशी आहे. तुमच्या ५२ कलमांना १५० च्या हिशेबाने ७८०० लिटर लागतील. टाकी ५००० ची, मग दोन संध्याकाळी विभागा. आणि बुंध्यात ओतू नका. दुपारी झाडाची सावली जिथे संपते तिथे आळं करा, पाणी पिणारी मुळं तिथे असतात.

पण एकदम जास्त देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. तीन वर्षांपूर्वी अशाच तापलेल्या आठवड्यानंतर मी घाबरून एका रात्रीत पंप सोडून दिला, झाडाला किती गेलं त्याचा हिशेबच नाही. आठवड्याने अंड्याएवढी फळं उभी तडकायला लागली. कोरड्या पडलेल्या झाडाला अचानक भरपूर पाणी मिळालं की आतला गर फुगतो आणि साल तेवढी ताणत नाही. ती फळं लोणच्यालाही कुणी घेतली नाहीत.

आळ्यावर वाळलेलं गवत पसरा, चांगलं वीतभर. ओल टिकते, आणि कातळाची झळ खालून फळाला लागत नाही. हापूसमध्ये साका होतो, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा राहतो, त्याला जमिनीतून येणारी ही झळही कारण आहे, आणि खालच्या फांद्यांवरची फळं कातळाच्या किती जवळ असतात ते तुम्ही बघताच. मात्र आधी बागेच्या पूर्वेकडून निदान आठ-दहा हात रुंद पट्टा गवत काढून साफ करा. तुम्ही सांगता तशा मतलईत सड्यावर वणवा लागला तर आळ्यातलं गवत झाडासकट पेटेल. आमच्या शेजारच्या वाडीतली चाळीस वर्षांची कलमं एका दुपारी गेली.

आता फवारणी. पावसच्या भाऊंचा अनुभव मोठा आहे, पण सगळ्या बागेवर न बघता फवारणी घ्या हे मला पटत नाही. आधी बघा. एक पांढरा कागद घ्या, कोवळ्या पालवीखाली किंवा फळांच्या घोसाखाली धरा आणि फांदीला हाताने दोन टिचक्या मारा. कागदावर बारीक, पिवळसर, तांदळाच्या कणीहूनही लहान किडे चालताना दिसले तर फुलकिडे आहेत. ते साल खरवडतात, फळ मोठं झालं की साल खरबरीत तपकिरी दिसते आणि बाजारात भाव मिळत नाही. तुडतुडे दिसायला सोपे, फांदी हलवली की टुणकन उडतात आणि पानं चिकट असतात. जिथे सापडतील तिथेच औषध मारा. करप्यासाठी कोवळ्या पानांवर, देठांवर आणि गळालेल्या फळांवर काळे ठिपके बघा. दिसले तर कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं बुरशीनाशक चालतं, मात्रा विद्यापीठाच्या वेळापत्रकातली घ्या. पानं कोरडी झाल्यावर आणि पुढचे दोन दिवस पाऊस नाही हे बघूनच, नाहीतर औषध मातीत जाईल. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो, 'मेघदूत' ॲपवरही मिळतो.

गळ कमी व्हायला १ टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम १३:०:४५. गोटीच्या वेळी एक फवारणी आणि अंड्याएवढी झाल्यावर एक. सकाळी लवकर, उन्हात नाही.

पिशव्यांमध्ये भिजून चिकटलेल्या तेवढ्या काढा, फळ एक दिवस मोकळं सुकू द्या, मग नवी बांधा. शाई सालीवरून पावडरीसारखी निघून जाते, घाबरू नका. बांधताना पिशवीचं तोंड देठाशी घट्ट आवळा म्हणजे पाणी आत उतरत नाही. २५ बाय २० सेंटीमीटरची पिशवी पुरते, फार मोठी झाली तर वाऱ्याने फळावर आपटते.

---

पावसचा_बागायतदार, सोमवार दुपारी ३:१०

कागदाची युक्ती मी करून बघतो. आमच्याकडे यंदा औषधाचा खर्च आंब्याच्या पैशाच्या पुढे जायची वेळ आली आहे, हे खरं.

---

सड्यावरची, सोमवार रात्री ८:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. निरभ्र काका, तुमचं उत्तर मी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. "हवा उतरताना तापते" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, घाटातून उतरणाऱ्या बैलगाडीची चाकं तापतात तसं. ते बरोबर आहे की नाही मला माहीत नाही, पण त्यांना पटलं.

आज वारा ११:१०. उद्यापासून पाणी सुरू करते.

---

सातपाटीची_लेक, मंगळवार सकाळी ११:००

ताई, मी पालघरच्या किनाऱ्यावरची. माझं माहेर आणि सासर दोन्ही मासेमारीतलं. तुम्ही लिहिलेला तो पूर्वेचा कोरडा वारा तुमच्या आंब्याला मारतो, आमच्या बोंबलाला तोच हवा असतो. वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या मांडवावर, बोंबील जोडीजोडीने टांगले की तसल्या वाऱ्यात दोन दिवसांत खणखणीत वाळतात, हातात घेतले की आवाज येतो. वारा समुद्रावरचा, दमट असला तर तेच बोंबील चौथ्या दिवशीही लवचीक राहतात.

आणि शनिवारच्या पहाटेसारखी सर म्हणजे आमचं सगळं गेलं. गेल्या वर्षी अशीच मध्यरात्री आली. आम्ही सगळ्या बायका अंधारात ताडपत्र्या घेऊन धावलो, सासूबाईंच्या पायात काच गेली तरी त्या थांबल्या नाहीत. जे भिजले ते दोन दिवसांत पिवळे पडले, बुरशी धरली, शेवटी कोंबड्यांच्या खाद्यात गेले. त्याचा पंचनामा होत नाही. आंब्याचं नुकसान निदान कागदावर येतं, वाळवणाचं येत नाही. ही गोष्ट कुठेतरी लिहिली जावी म्हणून इथे लिहिली.

तुमच्या अण्णांच्या वहीसारखं आमच्याकडे लिहिलेलं काही नाही. माझे आजेसासरे पहाटे दारात उभे राहून ओला गाल पूर्वेला करायचे आणि सांगायचे, आज टांगा, आज नको. ते गेल्यावर आम्ही फोनवर अंदाज बघतो.

---

पेडण्याहून, मंगळवार दुपारी ४:४५

आमच्याकडे गोव्यात काजूचे बोंडू पडायला लागले आहेत. शनिवारच्या सरीने पडलेले बोंडू फुटले आणि संध्याकाळपर्यंत आंबूस वास सुटला. रसात पाणी मिसळलं की हुर्राक, म्हणजे बोंडूची पहिल्या धारेची दारू, पातळ उतरतो, गिऱ्हाईक पहिल्या घोटात ओळखतं. म्हणून त्या दिवशीचे बोंडू भाटीला घेतलेच नाहीत, फक्त बिया काढून सुकत घातल्या. ओल्या बिया ढीग करून ठेवल्या तर काळ्या पडतात, पातळ पसराव्या लागतात. तुमच्याकडे काजू असेल तर तेवढं सांभाळा.

आमच्याकडे सोमवारी वारा दोनच्या आसपास फिरला असावा. घड्याळ बघितलं नव्हतं. आता बघेन.

---

सड्यावरची, शुक्रवार रात्री ९:००

काय काय केलं ते सांगते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत.

पाणी मंगळवारी आणि बुधवारी संध्याकाळी दिलं, २६-२६ कलमांना. कळशीने मोजून, एका कळशीत १२ लिटर, म्हणजे कलमाला साडेबारा कळशा. पाइप लावला असता तर लवकर झालं असतं, पण टाकीच्या उतारावरच्या कलमांना जास्त आणि वरच्यांना कमी जातं, म्हणून मोजूनच दिलं. माती उकरून बघितली होती, गुहागरी भाऊंनी सांगितलं तसंच, एक पेर ओल आणि खाली भुकटी. गवत पसरायच्या आधी पूर्वेचा पट्टा साफ केला. त्याला दीड दिवस गेला.

पांढरा कागद घेऊन सगळी कलमं फिरले. मुलीची चित्रकलेची वही घेतली होती. फुलकिडे फक्त नऊ कलमांवर सापडले, आणि ती नऊही पूर्वेच्या बाजूची, जिथे उशिरा पालवी आली आहे. तेवढ्यांवरच औषध मारलं. करप्याचे ठिपके गळालेल्या फळांवर सापडले नाहीत, पालवीवर दोन ठिकाणी सापडले, ते शेंडे कापून जाळले. गेल्या वर्षी या वेळी मी आख्ख्या बागेवर दोन फवारण्या घेतल्या होत्या.

पिशव्या १४० बदलल्या. शाई निघाली. तडकलेलं फळ अजून एकही नाही.

तापमापक पडवीतून काढला. फळांच्या लाकडी पेटीला पांढरा रंग दिला आणि ती फणसाच्या सावलीत खांबावर बसवली. जुन्या जागेवर दुसरा एक तापमापक ठेवून दोन्ही एकाच वेळी बघितले. भिंतीवर ३६, पेटीत ३४. काका, दोन अंशांचा अंदाज तुम्ही पुण्यात बसून बरोबर केलात.

आणि वह्या. सर्वात जुनी १९८३ ची. मधल्या चार वाळवीने खाल्ल्या, उरलेल्या मी उन्हात घालून कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आहेत. रोज रात्री एका वर्षाचा मार्च महिना उतरवून काढते. अण्णांना शब्द लागत नाहीत तिथे मी वाचते आणि ते सांगतात. काल एका पानावर होतं, "वारा ३. आंबा गळला. पाणी नाही." त्याखाली आठ दिवस काहीच नाही. मी विचारलं. म्हणाले, तेव्हा पंप नव्हता. त्या आठवड्यात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि ते स्वतः वाडीतल्या विहिरीवरून डोक्यावर पाणी घेऊन सड्यावर चढत होते, रात्रीच्या वेळी, कारण दिवसा विहिरीत पाणी साठत नव्हतं. लिहायला वेळ कुठे होता. मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ती तेरा कलमां आमी रातीच जगवली." ती कुठली तेरा ते मला माहीत आहे. कडेची पहिली रांग. मंगळवारच्या गळीत सर्वात कमी फळं तिथेच पडली होती, मला वाटलं होतं समुद्राजवळ असल्यामुळे.

आज वारा १०:५०, पेटीत ३२, आकाश मोकळं. अण्णांना सांगितलं, ते म्हणाले, "मगे काय होवचा नाय."

गुहागरी भाऊ, पावसचे भाऊ, सातपाटीच्या ताई, पेडण्याचे दादा, रोज जमलं तर आपापल्याकडे वारा किती वाजता फिरला तेवढी वेळ इथे खाली लिहाल का? नुसती वेळ पुरे. वहीत तुमच्यासाठी चार रकाने आखले आहेत.

---

गुहागरी, शुक्रवार रात्री ९:२५

११:२०.

---

सातपाटीची_लेक, शुक्रवार रात्री ९:४०

१२:०५. त्याआधी पूर्वेचा होता, बोंबील टांगले आहेत.